चार वर्ग, एक फोन

सकाळी 8. राजूरच्या खोलीवर चहा उकळेपर्यंत ‘दीक्षा’ अ‍ॅपवरून आजचे धडे फोनमध्ये उतरवून घेते. शाळेच्या वाडीवर रेंज लागते ती टेकाडावर, वर्गात नाही. पिशवीत पॉवर बँक आणि छोटा स्पीकर.

9:45. झाडलोट, परिपाठ, हजेरी. सर आज केंद्रावर प्रशिक्षणाला गेलेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. आमची 31 मुलं, म्हणजे एकजण गेला की पहिली ते चौथी एकाच खोलीत.

10:30. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडचा खरा उपयोग अशा दिवशी. तिसरीची मुलं स्पीकरभोवती बसून धडा ऐकतात. फोन एका मुलीच्या हातात. कुणाला कळलं नाही की तिनं थांबवायचं, विचारायचं, मग पुढं लावायचं. थांबवणारं कुणी नसेल तर मी व्हिडिओ लावतच नाही, मुलं नुसती बघत राहतात. तेवढ्यात पहिलीच्या मुलांना जवळ घेऊन अक्षरं गिरवता येतात.

11:30. चौथीनं अंगणात काठी रोवली. दर पाव तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा.

12:45. सावली सगळ्यांत आखूड झाली ती आत्ता. मुलं भांडायलाच आली, “बाई, बाराला का नाही?” आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या 82.5 अंश रेखावृत्ताचं. अकोले तालुका त्याच्या सुमारे साडेआठ अंश पश्चिमेला. अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 34 मिनिटं. हा गुणाकार त्यांनीच केला. उरलेली दहा-बारा मिनिटं जानेवारीतल्या पृथ्वीच्या चालीची, ती एवढ्यात नकोत.

1. खिचडी.

2. आता फिरत्या पृथ्वीचा व्हिडिओ. सकाळीच दाखवला असता तर सगळ्यांनी माना हलवल्या असत्या. आता त्यांच्याकडे प्रश्न होता, म्हणून तीन वेळा मागे घेऊन पाहिला.

3. दिवसातलं माझं सर्वांत लाडकं काम. ओट्यावर एकेकाला बोलवून वाचन ध्वनिमुद्रित करते. दुसरीतली एक मुलगी जूनमध्ये अक्षर-अक्षर सुटं वाचायची. तेव्हाचं आणि आजचं लागोपाठ ऐकवलं. जूनमधला आवाज ऐकताना तिनं स्वतःच ‘पुस्तक’मधला ‘स्त’ दुरुस्त केला, मी काही बोलायच्या आत. शेऱ्यानं, लाल पेनानं हे होत नाही. मुलाला आपलं शिकणं कानानं ऐकायला मिळतं. मलाही कळतं की अडतंय ते जोडाक्षर की वाक्याचा अर्थ. अर्थ अडला तर ठाकरी बोलीत विचारते, त्यांची आजी बोलते त्या शब्दांत. तेवढी ठाकरी मी मुलांकडूनच शिकले.

शाळेला महागडा डिजिटल फळा मिळावा असं कुणी म्हटलं की मी हे ध्वनिमुद्रण ऐकवते. फोन साधाच आहे. मोल आहे ते प्रत्येक मुलाला मिळालेल्या पाच मिनिटांचं, आणि ती पाच मिनिटं मिळायला दुसरा शिक्षक वर्गात हवा. सरांचं प्रशिक्षण सुट्टीत का होत नाही?

5. शाळा सुटली.

6:30. राजूर. रेंज आली तशी पोषण आहाराची नोंद गेली, हजेरी गेली. मग त्या मुलीचं वाचन तिच्या वडिलांना पाठवलं. ते जुन्नरकडे कांदा लागवडीला गेलेत, फडावरच राहतात. थोड्या वेळात त्यांचा फोन आला. बाकी काही नाही, दिवाळीत ती कसं वाचत होती तेही पाठवा म्हणाले. शोधून पाठवलं.