मधुमेह आणि रक्तांतील चरबी

मधुमेह जडलेला शेतकरी आपल्या रक्तांतील साखरेचा हिशेब बहुधा चोख ठेवतो. उपाशीपोटीं किती व जेवणानंतर किती, हे आंकडे त्यास तोंडपाठ असतात. परंतु त्याच रक्तांतून वाहणाऱ्या चरबीचा आंकडा विचारला असतां पुष्कळांस उत्तर देतां येत नाहीं. ही उणीव लहान नव्हे. मधुमेही मनुष्य साखरेच्या प्रत्यक्ष उपद्रवानें दगावण्यापेक्षां हृदयाच्या अथवा मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबून दगावण्याचा संभव अधिक असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेली देशव्यापी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत देशांतील मधुमेह्यांची संख्या सुमारें १० कोटी धरली आहे. हा रोग आतां आमच्या खेड्यांच्या वेशींतून आंत आलेला आहे. म्हणून या दुसऱ्या हिशेबाकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें.

दोष कोठें उत्पन्न होतो

कोलेस्टेरॉल हा मुळांत शरीराचा शत्रु नव्हे. पेशींचीं आवरणें व पित्त यांस तो लागतो, आणि त्याचा बहुतेक भाग शरीर स्वतःच निर्माण करतें. तो पाण्यांत विरघळत नसल्यामुळें रक्तांतून सूक्ष्म कणांवर लादून न्यावा लागतो. शरीरभर पोंचविणाऱ्या कणांस एल. डी. एल. व यकृताकडे परत आणणाऱ्या कणांस एच. डी. एल. अशीं नांवें आहेत. पहिल्यांची संख्या वाढली म्हणजे पाटांत गाळ सांचावा तसें कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतींत सांचत जातें.

मधुमेहांत या बिघाडास निराळें वळण लागतें. इन्सुलिनचा प्रभाव मंदावल्यामुळें अंगांतील मेद सुटून यकृताकडे लोटतो, आणि यकृत ट्रायग्लिसराइड नांवाच्या चरबीनें भरलेले कण अधिक सोडूं लागतें. पाठोपाठ एच. डी. एल. घटतें, आणि एल. डी. एल.चे कण लहान, दाट व संख्येनें अधिक होतात. म्हणून एल. डी. एल.चा आंकडा बेताचा दिसला तरी मधुमेह्यानें निर्धास्त राहूं नये.

शिवाय या गाळाची वेदना होत नाहीं. मधुमेहानें मज्जातंतु बधिर झालेल्या मनुष्यास हृदयविकाराचा झटका आला तरी छातींत कळ येईलच असें नाहीं. दम लागणें, घाम सुटणें, एकाएकीं गळून जाणें, एवढीच खूण कधीं कधीं मिळते. अशा वेळीं पित्त झालें असेल म्हणून घरीं पडून राहणें जिवावर बेततें. तत्काळ इस्पितळ गाठावें.

ताटांतील विचार

‘आम्ही माळकरी, मांसमच्छीस शिवत नाहीं, आम्हांस कोलेस्टेरॉल कोठून?’ असें म्हणणारे बंधु गांवोगांव भेटतात. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांतच असतें हें खरें. परंतु रक्तांतील एल. डी. एल. वाढविण्याचें काम अन्नांतील कोलेस्टेरॉलपेक्षां घट्ट जातीची, म्हणजे संपृक्त, चरबी अधिक करते; आणि ती तूप, लोणी, साय व खोबरेल यांत भरपूर असते. वनस्पति तुपाची गोष्ट याहून वाईट. तें करतांना तेल अर्धवट घट्ट केल्यामुळें उत्पन्न होणारी ट्रान्स चरबी एल. डी. एल. वाढवून एच. डी. एल. घटवते. जानेवारी २०२२ पासून सरकारनें तिची मर्यादा शेंकडा २ वर आणली आहे. तथापि तेंच तेल पुनःपुन्हां तापवून तळलेल्या जिनसांपासून दूरच राहावें. तेलाच्या डब्यावरील ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दानेंही भुलूं नये. वनस्पतींत कोलेस्टेरॉल नांवापुरतेंच असल्यामुळें ही गोष्ट प्रत्येक खाद्यतेलास लागू आहे.

उपाय पुष्कळसा आपल्या शेतांतच आहे. करडईच्या तेलांत संपृक्त चरबी फार थोडी असते, आणि भुईमुगाचें तेलही तुपापेक्षां पुष्कळ बरें. मात्र कोणतेंही तेल मोजकेंच वापरावें. ज्वारी-बाजरीची भाकरी मापानें, तिच्याबरोबर मटकी, हुलगे, हरभरा यांची उसळ, मेथी व इतर पालेभाज्या आणि जवसाची चटणी, असें जेवण साखर व चरबी या दोहोंस मानवतें. कडधान्यांतील विरघळणारा चोथा आंतड्यांत पित्तास धरून ठेवतो. तें पित्त पुन्हां करण्यासाठीं यकृतास रक्तांतील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावें लागतें. गूळ घरच्या गुऱ्हाळाचा असला तरी मधुमेह्यास तो साखरेसारखाच समजावा. मद्यानें ट्रायग्लिसराइड वाढतें, आणि तंबाखू रक्तवाहिन्यांचा नाश करविते असें समजून ती सोडावी. नांगरामागें चालण्याचें काम आतां ट्रॅक्टरवर बसून होतें. तेव्हां आठवड्यास निदान १५० मिनिटें झपझप चालणें मुद्दाम करावें लागेल.

तांदुळावरील बुरशी

परंतु कोलेस्टेरॉल मुख्यतः शरीरांतच तयार होत असल्यानें केवळ पथ्यानें तें पुरेसें उतरत नाहीं. येथें एका शेतकऱ्याच्या मुलाचे उपकार मानावे लागतात. अकिरा एंदो यांचा जन्म १९३३ सालीं उत्तर जपानांत एका शेतकरी कुटुंबांत झाला. बुरशी इतर सूक्ष्म जीवांस मारण्यासाठीं त्यांची कोलेस्टेरॉलसारखीं द्रव्यें बनविण्याची क्रिया बंद पाडणारा पदार्थ सोडत असावी, असा त्यांचा तर्क होता. १९७१ पासून त्यांनीं सुमारें ६००० प्रकारच्या बुरशा तपासल्या, आणि १९७३ सालीं क्योतो येथील धान्याच्या दुकानांतील तांदुळावर मिळालेल्या निळसर बुरशींत तो पदार्थ सांपडला. त्यांतूनच स्टॅटिन वर्गाचीं औषधें निघालीं. पहिलें १९८७ सालीं बाजारांत आलें. एंदो २०२४ सालीं निवर्तले.

हीं औषधें यकृतांतील कोलेस्टेरॉलचें उत्पादन कमी करतात, तेव्हां यकृत रक्तांतील एल. डी. एल. ओढून घेऊं लागतें. ब्रिटन व आयर्लंड येथें हृदयविकार न झालेल्या २८३८ मधुमेह्यांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल २००४ सालीं प्रसिद्ध झाला. रोज १० मिलिग्रॅम अटॉर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयाचे व मेंदूचे मोठे आघात शेंकडा ३७ नीं घटले. गुण इतका स्पष्ट दिसला कीं प्रयोग ठरल्यापेक्षां दोन वर्षें आधींच थांबविण्यांत आला. म्हणून ४० ते ७५ वयाच्या बहुतेक मधुमेह्यांस, आंकडा फारसा वाढलेला नसला तरी, डॉक्टर ही गोळी देतात.

या गोळीनें साखर वाढते अशी कुरकुर ऐकूं येते. ती अगदींच निराधार नाहीं. पण ही वाढ अल्प असते, आणि हृदयास होणारा लाभ तिच्यापेक्षां कितीतरी मोठा. स्नायु दुखूं लागल्यास डॉक्टरांस सांगावें. मात्रा अथवा औषध बदलतां येतें. गरोदर स्त्रीनें ही गोळी डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये. खरी चूक निराळीच आहे. तपासणींत आंकडा उतरलेला दिसतांच ‘बरें झालें’ म्हणून पुष्कळ लोक गोळी सोडतात. मोट थांबली कीं पाटाचें पाणी आटतें; तसाच गोळी थांबली कीं तिचा गुण कांहीं आठवड्यांत ओसरतो. जनौषधि केंद्रांत ही गोळी स्वस्त मिळते, तेव्हां खर्चाची सबबही फारशी उरत नाहीं.

काय विचारावें

डॉक्टरांकडे जातांना चरबीची संपूर्ण तपासणी मागावी. ती वर्षांतून एकदां, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांत करावी. एल. डी. एल. दर डेसिलिटरमागें १०० मिलिग्रॅमच्या खालीं असावें; रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, तंबाखूचें व्यसन अशी जोड असल्यास ७० च्या खालीं, आणि हृदयविकार होऊन गेला असल्यास ५५ च्या खालीं उतरविण्याचा प्रयत्न असतो. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेल्यास स्वादुपिंडास सूज येण्याचें भय असतें, म्हणून विलंब करूं नये. आपला आंकडा कोणता असावा हें डॉक्टरांकडून ठरवून घेऊन साखरेच्या वहींतच शेजारीं मांडावें.

शेताची माती तपासून मगच खत टाकावें, हें आमच्या वाचकांस आतां नव्यानें सांगावें लागत नाहीं. सुगीनंतर हातीं थोडी सवड असते. तेव्हां मातीचा नमुना पाठवितांना आपल्या रक्ताचा नमुनाही देऊन यावा.