कोंडा आधी चिमटीत धरून पाहा

पीठ चाळल्यावर चाळणीत उरतो तो कोंडा, आणि काळ्या शर्टाच्या खांद्यावर सांडतो तोही कोंडाच. डोक्यातून असं पांढरं काही पडायला लागलं की घरातलं निदान ठरलेलं असतं: "डोकं कोरडं पडलंय, तेल लाव." आमच्याकडे तर शनिवारी रात्री वाटीत कोमट खोबरेल तयारच असायचं. निदान कधीकधी बरोबरही निघायचं, पण पुष्कळदा चुकायचं.

म्हणून आधी एवढं करा. एक काळं फडकं पसरा, भांग पाडून कंगव्याने थोडा कोंडा त्यावर पाडा आणि चिमटीत चोळून पाहा. कण बारीक, पांढरे आणि पिठूळ असतील, डोकं धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी होत असेल आणि थंडीत हातपायही फुटत असतील, तर त्वचा खरोखरच कोरडी आहे. उलट पापुद्रे मोठे, पिवळसर असतील, बोटांना ओशट लागत असतील, शिवाय भुवयांत, नाकाच्या कडेला किंवा कानामागे लाली असेल, तर गोष्ट निराळी.

तिथे काम चालू असतं मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचं. ती बाहेरून येत नाही. बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या डोक्यावर ती असतेच. तिची अडचण अशी की लागणारी स्निग्धाम्लं तिला स्वतःला बनवता येत नाहीत. मग ती आपल्या डोक्यातल्या तेलग्रंथींचा स्राव फोडते, हवं ते खाते आणि ओलेइक आम्लासारखं नको ते मागे टाकते. काहींच्या त्वचेला हे उष्टं झोंबतं. एरवी त्वचेच्या पेशी साधारण महिनाभरात खालून वर येतात आणि सुट्या सुट्या गळतात, म्हणून त्या दिसत नाहीत. झोंबलेली त्वचा घाई करते. अर्ध्याकच्च्या पेशी एकमेकींना चिकटूनच वर येतात आणि गठ्ठ्याने सुटतात. हाच कोंडा.

प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची तर तिच्या खाद्यात तेल घालावं लागतं. रात्रभर मुरवलेल्या खोबरेलाने आपण काय करतो ते यावरून कळेल. तेलाने पापुद्रे मऊ होऊन बसतात आणि दोन दिवस डोकं स्वच्छ वाटतं, एवढंच.

कोरड्या त्वचेला मात्र तेल चालतं, धुण्याआधी अर्धा तास. कढत पाणी सोडा, शॅम्पू सौम्य घ्या, रोज डोकं धुऊ नका. बस्स.

ओशट कोंड्याला बुरशीवरचा शॅम्पू लागतो. नेहमीचा म्हणजे २ टक्के किटोकोनाझोलचा, आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. सेलेनियम सल्फाइड किंवा झिंक पायरिथिऑनचेही मिळतात. चूक होते ती लावण्यात. लोक केसांना फेस आणतात आणि लगेच तांब्याने पाणी ओततात. औषध केसांना नको आहे, कातडीला हवं आहे. बोटांच्या टोकांनी (नखांनी नव्हे) मुळांशी चोळा आणि पाच मिनिटं घड्याळ लावून थांबा. कोंडा गेल्यावरही आठवड्या-पंधरवड्यातून एकदा तो वापरत राहा, कारण बुरशी डोक्यावरच राहणार आहे. लिंबाचं म्हणाल, तर खाजवून सोललेल्या कातडीवर ते पिळून घेण्याची हौस मला कधीच कळली नाही.

महिनाभरात फरक पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. जाड, चंदेरी खपल्या केसांची हद्द ओलांडून कपाळावर आल्या असतील आणि कोपर-गुडघ्यांवरही असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. लहान मुलाच्या डोक्यात खवल्यांबरोबर केस तुटून टक्कल पडल्यासारखा डाग दिसला, तर मात्र महिनाभर थांबू नका. तो बहुधा गजकर्णाचा प्रकार असतो. नुसत्या शॅम्पूने तो जात नाही, पोटात औषध घ्यावं लागतं, आणि तोवर त्या मुलाचा कंगवा, टोपी आणि टॉवेल वेगळा ठेवायचा.