गांधीनगरचा कपडा आणि वळिवड्याच्या बाया



आमच्या शिवणकामाच्या गटाची सहल कोल्हापूरला जाऊन आली. आल्यापासून जो तो एकच विचारतो, "अंबाबाईचं दर्शन झालं का?" झालं, चांगलं झालं. पण आज आम्ही सांगणार आहोत ते कोल्हापूरजवळच्या एका गावाबद्दल. पाच वर्षं तिथं हजारो परदेशी बाया आणि लेकरं राहून गेली.

निघण्याआधीच्या बैठकीत आमचा एक विषय अर्धवट राहिला होता. कापूस वेचणीला मेळघाटातून कोरकू कुटुंबं आपल्याकडे येतात. आईबाप वावरात आणि लेकरं दिवसभर धुऱ्यावर. ती लेकरं गटाच्या शिवणखोलीत बसवावी का, असा प्रश्न होता. "बाहेरच्यांची जबाबदारी आपण काहून घ्यायची?" असं कुणी म्हणालं आणि विषय तिथंच थांबला. खरं सांगायचं तर आम्हीही गप्प बसलो.

सहलीचं कारण साधं होतं. आम्ही परकर, झबली, फ्रॉक शिवतो. कपडा घेतो अमरावती-अकोल्यातून. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कपड्याचा मोठा घाऊक बाजार आहे, तिथला भाव पाहायचा होता. महाराष्ट्र एक्सप्रेस थेट जाते. अमरावतीकडच्या आम्ही बडनेऱ्याला बसलो, अकोल्याच्या बाया अकोल्याला चढल्या. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर.

गांधीनगरात दुकानदार बहुतेक सिंधी. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्यांची ही वस्ती. थानं उलगडता उलगडता एक म्हातारे दुकानदार म्हणाले, "आमचे वडील इथं आले तेव्हा बराकी तयारच होत्या. आमच्या आधी इथं पोलंडचे लोक राहत होते." आम्हाला वाटलं, थट्टा करतात. थट्टा नव्हती.

हे सगळं वळिवड्याचं रान. 1943 मध्ये, म्हणजे तेव्हाच्या कोल्हापूर संस्थानात, इथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे 5 हजार माणसं होती आणि त्यात बहुतेक बाया आणि मुलं. हे ऐकून आमच्या एका काकूंनी लगेच विचारलं, "अन् मंग त्याइचे मानसं कुठी गेले व्हते?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर असं आहे.

1 सप्टेंबर 1939 ला हिटलरच्या जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. सतराव्या दिवशी पूर्वेकडून रशियाचं सैन्य घुसलं. रशियानं आपल्या ताब्यातल्या भागातली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेली. थंडी, उपास, जंगलतोडीची सक्ती. कितीतरी माणसं तिथंच मेली. 1941 मध्ये जर्मनीनं रशियावरच चाल केली, तेव्हा या पोलिश लोकांची सुटका झाली. पुरुष नव्या पोलिश सैन्यात भरती झाले. बायका-मुलं 1942 मध्ये सैन्याच्या मागोमाग इराणला पोचली. तिथून काही आफ्रिकेत गेली, काही हिंदुस्थानात आली. गुजरातेत नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी इथं पोरक्या मुलांना ठेवून घेतलं. मोठी छावणी मात्र आपल्या वळिवड्याची.

या बायांनी आल्या आल्या काय केलं? शाळा सुरू केल्या. चर्च झालं, दवाखाना झाला, पोस्ट झालं, नाटकाचा मंच झाला. बराकीत एकेका कुटुंबाला खोली आणि पुढं ओसरी. सैपाक ज्याचा त्यानं करायचा, बाजार आपला आपण करायचा, म्हणून आजूबाजूच्या खेड्यांतल्या लोकांशी रोजचा व्यवहार. भाषा एकमेकींची कळत नव्हती, पण भाजीचा भाव कळायला भाषा किती लागते? छावणीतली एक मुलगी तर कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न करून इथलीच झाली.

लढाई संपली तरी त्यांना घरी जाता आलं नाही. अनेकांची गावंच रशियाच्या हद्दीत गेली होती. 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, काही पोलंडला परतले. त्याच बराकींत मग सिंधी कुटुंबं आली.

गावी परतल्यावर आम्ही मुलांच्या पुस्तकातला नकाशा काढून पोलंड शोधला. जे पळू शकले नाहीत त्यांचं काय झालं, हे जाणून घ्यायचं होतं. त्यात सगळ्यांत जास्त होरपळले ते यहूदी, म्हणजे ज्यू लोक.

यहूदी आपल्याला परके नाहीत. कोकणात अलिबागेकडं ते शेकडो वर्षांपासून आहेत. घाणा चालवायचे आणि धर्माप्रमाणं शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. घरात बोली मराठी. आडनावंही गावावरून: पेणकर, रोहेकर, नवगावकर. मुंबईच्या कामा हॉस्पिटलचा कारभार अनेक वर्षं सांभाळणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड याच समाजातल्या. कोल्हापूरच्या वाटेवर पुणे लागतं, तिथं 1867 चं यहूद्यांचं लाल विटांचं प्रार्थनामंदिर आहे. लोक त्याला 'लाल देऊळ' म्हणतात. पुढं यातले बरेच लोक इस्राएलला गेले, पण ते आपल्या मनानं गेले. इथून त्यांना कुणी हाकललं नाही.

आता पोलंडमधलं क्राकूव शहर पाहा. जुनी राजधानी, व्हिस्तुला नदीच्या काठावर. तिथल्या काझिमिएझ भागात 1495 पासून यहूद्यांची मोठी वस्ती. लढाईआधी शहरात 60 हजारांच्या आसपास यहूदी होते, म्हणजे चार माणसांत एक. मार्च 1941 मध्ये जर्मनांनी त्यांना नदीपलीकडं भिंतीआड कोंडलं. 13 आणि 14 मार्च 1943 ला ती वस्ती रिकामी केली. काम करू शकणाऱ्यांना श्रमछावणीत हाकललं. बाकीच्यांना तिथंच मारलं, नाहीतर ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवलं. बहुतेक म्हातारी माणसं आणि लहान लेकरं वाचली नाहीत.

1943 साल. त्याच वर्षी वळिवड्यात पोलंडची मुलं पाटी घेऊन शाळेत बसत होती.

क्राकूवच्या त्या चौकात 2005 पासून धातूच्या मोठाल्या खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत.  जे गेले त्यांच्या त्या खुर्च्या. जगभरातून लोक ते पाहायला जातात. आपल्याला इतकं दूर जाणं जमणार नाही, पण कोल्हापूरच्या महावीर उद्यानात वळिवड्याच्या पोलिश लोकांनी उभारलेला आभाराचा स्तंभ आहे. वळिवड्यातही 2019 मध्ये स्तंभ झाला, तेव्हा छावणीत वाढलेली काही माणसं म्हातारपणी मुद्दाम आली होती. अंबाबाईला जाल तेव्हा तासभर काढून पाहून या.

सहलीनंतरच्या बैठकीत तो अर्धवट विषय आम्हीच काढला. अकराजणींपैकी सातजणींनी होकार दिला, चौघींनी नाही. चौघींचं म्हणणं खोटं नव्हतं: लेकरू पडलं-झडलं तर जबाबदार कोण? म्हणून नियम केले. रोज दोघींची पाळी. वहीत लेकराचं नाव, आईचं नाव आणि मुकादमाचा फोन नंबर. खोलीतल्या कात्र्या, सुया आणि इस्त्री कपाटात कुलूपबंद. अंगणवाडीताईंशीही बोलून ठेवलं.

पहिल्या दिवशी तीन लेकरं आली. त्यांची कोरकू आम्हाला येत नाही, आमची वऱ्हाडी त्यांना थोडी थोडी कळते. चौघींपैकी एक ताई सध्या दुपारी पोहे घेऊन येतात. आपलं मत बदललेलं नाही, असं त्या अजूनही म्हणतात.

तुमच्या गावातही वेचणी सुरू होईल. तुमच्या गटात हा विषय काढून पाहा, आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.