पदव्युत्तर शिक्षण : विषय कोण निवडतो?

घरातला पहिला पदवीधर पदवी हाती घेऊन उभा राहतो, तेव्हा 'पुढे काय?' असे विचारणारे पुष्कळ असतात. उत्तर सांगू शकणारे घरात कोणीच नसते. ज्या घरांत तीन-तीन पिढ्या शिकल्या, तिथे कोणता विषय, कोणते विद्यापीठ, कोणाच्या हाताखाली शिकायचे, हे जेवता जेवता कळते. शिक्षणाचा वारसा म्हणतात तो हाच. आपल्याकडे तो नाही. म्हणून आपण विषय निवडत नाही. विषय आपल्या वाट्याला येतो.

माझेच सांगतो. मी मराठी घेऊन एम.ए. केले. मराठीवर प्रेम जडले ते नंतर. खरे कारण एवढेच की, तालुक्याच्या महाविद्यालयात पदव्युत्तर वर्ग मराठी आणि इतिहास या दोनच विषयांचे होते आणि शहरातल्या खोलीचे भाडे आईवडिलांच्या मजुरीत बसत नव्हते. त्यानंतर सात वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. सुट्टीत तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. मला मराठीचा पश्चात्ताप नाही. पण चार गोष्टी वेळेवर कोणी सांगितल्या असत्या, तर तोच निर्णय मी डोळे उघडे ठेवून घेतला असता, कदाचित वेगळाही. त्या चार गोष्टी येथे मांडतो.

पहिली गोष्ट हेतूची. आपली अनेक मुले एम.ए.ला नाव घालतात ते वसतिगृहातली खोली टिकावी आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास व्हावा म्हणून. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्याला शहरात पाय ठेवायला जागा नाही, त्याने दुसरे काय करावे? मात्र आपण हे करीत आहोत, हे स्वतःशी कबूल करावे आणि किती वर्षे करायचे तेही ठरवावे. नाहीतर परीक्षाही जाते आणि एम.ए.ही काठावर उत्तीर्ण होऊन निरुपयोगी ठरते.

दुसरी गोष्ट पात्रतेची. प्राध्यापक व्हायचे तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०. त्यावर नेट किंवा सेट. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. घरी पैसे पाठवून संशोधन करता येते. एम.फिल.ची वाट २०२२ साली बंद झाली. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही धरले जातात. म्हणजे एम.ए.च्या पहिल्याच वर्षी नेटचा अभ्यासक्रम समोर ठेवून वाचायला बसले पाहिजे. हे मला एम.ए. होऊन दोन वर्षे झाल्यावर समजले.

तिसरी गोष्ट पैशाची. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. पण ती हातात पडेपर्यंत खानावळीचे बिल थांबत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांत व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर महाराष्ट्रात तिचा लाभ मिळत नाही. म्हणून माहितीपुस्तिकेतील चकचकीत चित्रे न पाहता विचारावे : प्रवेश कोणत्या फेरीतून? फी आधी भरायची की शिष्यवृत्तीतून वळती होणार? वसतिगृह आहे काय? नियम मध्येच बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांना फीसवलत काढून घेतल्याबद्दल संप करावा लागला होता. एकट्याने भांडून हे प्रश्न सुटत नाहीत. जिथे आपली मुले संघटित आहेत ती संस्था, इतर गोष्टी सारख्या असतील तर, अधिक बरी.

चौथी गोष्ट विषयाची, आणि तीच खरी वैचारिक आहे. आपल्या मुलांची गर्दी भाषा, इतिहास, समाजशास्त्र या वर्गांत दिसते. हे विषय कमी दर्जाचे आहेत असे मुळीच नव्हे. स्वतःचा इतिहास स्वतः लिहिल्याशिवाय कोणताही समाज उभा राहत नाही. २०२२ साली केंद्र सरकारने परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाज यांवरचे विषय वगळले, यावरूनच या विषयांचे महत्त्व ओळखावे. परंतु अर्थसंकल्पात आपल्या वाट्याचा पैसा कुठे वळवला गेला, हे दाखवायला अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र लागते. खटला चालवायला कायदा लागतो. त्या वर्गांत आपण किती आहोत?

बाबासाहेबांचे उदाहरण आपण नेहमी देतो, पण त्यांनी विषय कसे निवडले हे क्वचितच पाहतो. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले ते अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र. जातिसंस्थेवरचा त्यांचा निबंध मे १९१६ मध्ये वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. पैसा आणि जात, सत्तेची ही दोन्ही अंगे त्यांनी एकाच वेळी अभ्यासली. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून, पैसे साठवून १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. शिक्षणात खंड पडला म्हणजे शिक्षण संपले, असे नाही.

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी विचारायला आली. वडील हमाली करतात. "सर, मी अर्थशास्त्र घेऊ का? सगळे म्हणतात, गणित जमणार नाही." मी तिला नोकरीची हमी दिली नाही, ती देण्याचा अधिकार मला नाही. गणित जमते की नाही हे 'सगळ्यांनी' नव्हे, तिने स्वतः पुस्तक उघडून ठरवावे, एवढेच सांगितले. आणि वर लिहिलेल्या चार गोष्टी कागदावर उतरवून दिल्या. आज ती अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे.

असा कागद प्रत्येक वस्तीत, प्रत्येक वसतिगृहात कोणीतरी लिहून दिला पाहिजे. जे आधी शिकले, त्यांच्यावर हे ऋण आहे.