काचपात्रांवरील नोंदणीमुद्रा : कालनिर्णय आणि त्याच्या मर्यादा

हस्तलिखिताच्या पुष्पिकेतील शक ग्रंथरचनेचा की प्रतलेखनाचा, हा प्रश्न पाठसंशोधकाला नवा नाही. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश काचपात्रांच्या बाबतीतही असाच प्रश्न उभा राहतो. या पात्रांवर, बहुधा तळाशी, एक लहानशी मुद्रा उठावात दिसते. तिच्यातील अक्षरे आणि अंक लावले की वर्ष, महिना आणि दिवस हाती येतो. परंतु तो दिवस नेमका कशाचा, हे ठरविण्यासाठी मुद्रेमागील व्यवस्था समजून घेणे अगत्याचे आहे.

साच्यात दाबून काचपात्रे घडविण्याचे तंत्र १८२० च्या दशकात अमेरिकेत विकसित झाले आणि लवकरच इंग्लंडमध्ये आले. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात टाकून वरून दट्ट्याने दाबला, की आकार आणि नक्षी एकाच वेळी उमटत. चाकावर कापून नक्षी काढलेल्या महागड्या काचेची शोभा त्यामुळे सामान्य घरांच्याही आवाक्यात आली. साचा कोरणे मात्र खर्चाचे काम होते, आणि तयार पात्र समोर ठेवून त्याची नक्कल करणे प्रतिस्पर्ध्याला सोपे होते. १८४२ च्या कायद्याने नक्षीच्या नोंदणीची व्यापक सोय झाली. काचेवरील नक्षीला तीन वर्षांचे संरक्षण मिळे, आणि त्याची खूण म्हणून साच्यातच मुद्रा कोरली जाई.

१८४२ ते १८८३ या काळातील मुद्रा शंकरपाळ्याच्या आकाराची, म्हणजे कोनावर उभ्या केलेल्या चौकोनाची असते. माथ्यावरील लहान वर्तुळात वस्तुवर्गाचा रोमन अंक असतो. काचेचा वर्ग तिसरा. चार कोपऱ्यांत वर्ष, महिना, दिवस आणि नोंदणीच्या गठ्ठ्याचा क्रमांक असतो. वर्षासाठी रोमन लिपीतील एकेक अक्षर योजले होते, पण वर्णानुक्रमाने नव्हे. १८४२ साठी एक्स, १८४३ साठी एच, १८४४ साठी सी, याप्रमाणे १८६७ पर्यंत सव्वीसही अक्षरे संपली. १८६८ पासून तीच अक्षरे त्याच क्रमाने पुन्हा वापरण्यात आली. संवत्सराचे नाव साठ वर्षांनी परत येते, आणि शकाचा अंक सोबत नसेल तर केवळ नावावरून वर्ष ठरत नाही. येथेही एकट्या अक्षरावरून वर्ष ठरत नाही.

हा संदेह टाळण्यासाठी १८६८ मध्ये कोपऱ्यांचा क्रम बदलण्यात आला. पहिल्या आवर्तनात वर्तुळाखालच्या कोपऱ्यात वर्षाचे अक्षर, उजवीकडे दिवस, डावीकडे महिन्याचे अक्षर आणि तळाशी गठ्ठ्याचा क्रमांक येतो. दुसऱ्या आवर्तनात वर दिवस, उजवीकडे वर्ष, तळाशी महिना आणि डावीकडे गठ्ठ्याचा क्रमांक असतो. यावरून सोपा नियम निघतो : वरच्या कोपऱ्यात अक्षर असेल तर मुद्रा १८६७ पर्यंतची, अंक असेल तर नंतरची.

संडरलंड येथील हेन्री ग्रीनर यांच्या ग्लॅडस्टन-स्मारक पात्रांचे उदाहरण घेता येईल. त्यांच्या नक्षीची नोंद ३१ जुलै १८६९ ची आहे. या तारखेच्या मुद्रेत वर ३१, उजवीकडे एच आणि तळाशी जुलैचे अक्षर आय येते. स्थानाकडे दुर्लक्ष करून केवळ एच वाचणारा १८४३ हे वर्ष धरील, आणि ग्लॅडस्टन पंतप्रधान होण्यापूर्वी पाव शतक हे स्मारक निघाले असे मानण्याची पाळी त्याच्यावर येईल. ग्लॅडस्टन यांचे पहिले मंत्रिमंडळ डिसेंबर १८६८ मध्ये अधिकारावर आले. येथे बाह्य पुरावा आणि मुद्रा परस्परांना दुजोरा देतात.

क्वचित नियमालाही अपवाद आढळतो. १ ते ६ मार्च १८७८ या सहा दिवसांत वर्षासाठी डब्ल्यू आणि महिन्यासाठी जी ही अक्षरे वापरली गेली. १८८४ पासून शंकरपाळ्याची जागा सलग क्रमांकाने घेतली. १८८५ चा आरंभ १९,७५४ या क्रमांकाने आणि १८९० चा १,४१,२७३ या क्रमांकाने होतो. या टप्प्यांच्या आधारे इतर क्रमांकांचाही अंदाज बांधता येतो.

एवढे करून हाती येते ती नक्षीच्या नोंदणीची तारीख. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हा रचनाकाल दिलेला आहे, आणि तो शतकांनंतरच्या प्रतींतही तसाच उतरतो. म्हणून त्या प्रती शके १२१२ च्या ठरत नाहीत. साच्यातील मुद्राही त्यातून निघालेल्या प्रत्येक पात्रावर उमटते, मग ते पात्र नोंदणीच्या वर्षी घडलेले असो वा दहा वर्षांनी. बंद पडलेल्या कारखान्यांचे साचे दुसरे कारखानदार विकत घेत. गेट्सहेडच्या डेव्हिडसन कारखान्याने असे साचे घेतले होते. शिवाय नोंदणी करणारा स्वतः उत्पादक असेलच असे नाही. काही वेळा तो व्यापारीही असे. मुद्रेवरून एवढेच निश्चित म्हणता येते, की पात्र त्या तारखेपूर्वीचे नाही.

ही सीमा अधिक जवळ आणण्यास उत्पादकाचे व्यापारचिन्ह उपयोगी पडते. सॉवर्बी यांचे मोराच्या डोक्याचे चिन्ह १८७६ चे आहे. १८७२ च्या नोंदणीमुद्रेबरोबर हा मोर आढळला, तर ते पात्र १८७६ पूर्वीचे असू शकत नाही. ग्रीनर यांच्या चिन्हातील सिंहाच्या पंजात प्रथम तारा होता, १८८० च्या दशकाच्या मध्यानंतर कुऱ्हाड आली. डेव्हिडसन यांचा सिंह बुरुजातून वर आलेला दिसतो.

झिजलेल्या साच्यामुळे अक्षरे पुसट होतात, आणि सी व जी किंवा ओ व क्यू यांत गोंधळ होतो. अशा वेळी गठ्ठ्याचा क्रमांक मोलाचा ठरतो. लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात नोंदणीची मूळ पुस्तके आणि सादर केलेल्या नक्ष्या जतन केलेल्या आहेत. तारीख आणि गठ्ठा यांच्या आधारे तेथे नोंदणीकर्त्याचे नाव सापडते, आणि नक्षी ताडून पाहता येते. हे ताडून पाहणे पुरे होईपर्यंत मुद्रेचे वाचन संभाव्य पाठ म्हणूनच ग्राह्य धरावे.