सोपारा
पालघर जिल्ह्यातील (महाराष्ट्र राज्य) वसई-विरार महानगरपालिका क्षेत्रातील एक प्राचीन बंदर. प्राचीन नाव शूर्पारक. नाणेघाट-जुन्नर या मार्गाने ते पैठणशी जोडलेले होते. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये येथील ‘बुरूड राजाचा कोट’ हे टेकाड उकरून विटांचा स्तूप उजेडात आणला. त्यात दगडी करंडक व ब्राँझमूर्ती मिळाल्या. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा १९५६ मध्ये भुईगाव येथे मिळाला. राजांच्या मृगयादी विहारयात्रांऐवजी अशोकाने धर्मयात्रा सुरू केल्याचे आठव्या लेखात सांगितले आहे. पुढे खाडी गाळाने भरत गेली व बंदर मागे पडले. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून पश्चिमेस वळणाऱ्या प्रवाशास दाट वस्तीत स्तूपाचे अवशेष तेवढे दिसतात. तेथील करंडक व शिलालेख मुंबईतील संग्रहांत असल्याने ते पाहिल्याशिवाय स्थळाचे महत्त्व पुरते उमगत नाही.