थरारपटाचा प्रारंभ : संकेतांचा स्वीकार आणि संकेतभंग

प्रास्ताविक

वाङ्मयप्रकारांचा अभ्यास करताना ‘संकेत’ ही संज्ञा आपल्या परिचयाची झाली आहे. लावणी, कीर्तन, संगीत नाटक, रहस्यकथा या प्रत्येक प्रकाराचे काही ठरलेले संकेत असतात आणि त्यांच्या आधारे आपण तो प्रकार ओळखतो. चित्रपटालाही हे लागू पडते. आज अनेक विद्यार्थी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लघुपट करतात आणि त्यांत थरारपटाकडे ओढा अधिक दिसतो. अशा चित्रपटाची पहिली दोन मिनिटे लिहिताना कोणते संकेत पाळावेत, कोणते मोडावेत आणि का, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. संकेत : एक अलिखित करार

संकेत म्हणजे कलाकृती आणि रसिक यांच्यातील अलिखित करार होय. संगीत नाटकाची नांदी सुरू झाली की प्रेक्षक विशिष्ट प्रकारच्या अनुभवासाठी मन तयार करतो. हा करार पाळूनही त्याला धक्का देता येतो, हे विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकाने दाखवून दिले. त्याच्या प्रारंभी गणपती-सरस्वती यांना आवाहन आहे, नाच आहे, गाणे आहे. म्हणजे पारंपरिक खेळाची सर्व चिन्हे आहेत. परंतु तीच गाणारी माणसांची रांग पुढे भिंत होते, आड झाकते, उघड करते आणि सत्तेच्या क्रूरतेची साक्षीदार बनते. मंगल प्रारंभाची ओळख आधी पटलेली असल्यामुळेच पुढचा विपर्यास प्रेक्षकाला बोचतो. यातून एक सूत्र हाती येते : जो संकेत प्रेक्षकाने ओळखलेला नाही, त्याचा भंग त्याला जाणवत नाही.

२. थरारपटाच्या प्रारंभाचे संकेत

मराठी वाचकाला या संकेतांची सवय चित्रपटाच्याही आधी रहस्यकथेने लावली. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड ही त्यांची पात्रे घराघरांत पोहोचली. अंधारी रात्र, निर्जन रस्ता, अनोळखी व्यक्ती, अर्धवट दिसणारा चेहरा, अचानक उमटणारी किंकाळी ही सामग्री वाचकाच्या परिचयाची झाली. पडद्यावर तिच्यात दाटलेले पार्श्वसंगीत, वस्तूंची समीपदृश्ये, तुटक संकलन आणि उत्कर्षबिंदूवर झळकणारे शीर्षक यांची भर पडली.

या बाह्य चिन्हांच्या मुळाशी मात्र माहितीची वाटणी असते. कोणाला किती ठाऊक आहे, यावर तीन वेगळे परिणाम अवलंबून असतात. पात्रापेक्षा प्रेक्षकाला कमी ठाऊक असेल तर ‘रहस्य’ निर्माण होते. पात्रापेक्षा प्रेक्षकाला अधिक ठाऊक असेल तर ‘उत्कंठा’ निर्माण होते. दोघांनाही काही ठाऊक नसताना घटना घडली तर केवळ ‘धक्का’ बसतो. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी हा भेद टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने समजावून दिला होता. बॉम्ब अवचित फुटला तर धक्का क्षणभर टिकतो. पण तो तेथे आहे हे आपल्याला आधीच कळले असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही असह्य होतात.

त्यामुळे अंधार हा थरारपटाचा अनिवार्य घटक नाही. हिचकॉक यांच्याच ‘सायको’ (१९६०) या चित्रपटाचा प्रारंभ भर दुपारी, एका शहराच्या उघड्या दृश्याने होतो. श्रीराम राघवन यांच्या पुण्यात घडणाऱ्या ‘अंधाधुन’ (२०१८) या चित्रपटाच्या आरंभी कोबीचे शेत, एक ससा आणि बंदूकधारी माणूस दिसतो. त्याचा मुख्य कथेशी संबंध काय, हे प्रेक्षकाला बराच काळ उमगत नाही. दोन्ही ठिकाणी बाह्य चिन्हे बाजूला सारली आहेत. माहिती राखून ठेवण्याचे तत्त्व मात्र कायम आहे.

३. ‘डोंबिवली फास्ट’ : गर्दीतला थरार

निशिकांत कामत दिग्दर्शित ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) हा चित्रपट या संदर्भात विशेष अभ्यासनीय आहे. संदीप कुलकर्णी यांनी साकारलेला माधव आपटे हा डोंबिवलीत राहणारा, बँकेत नोकरी करणारा, नियम पाळणारा मध्यमवर्गीय गृहस्थ आहे. पुढे याच माणसाच्या हाती क्रिकेटची बॅट येते आणि तो शहरातील गैरव्यवहारांवर तुटून पडतो.

चित्रपटाचा प्रारंभ मात्र त्याच्या दिनक्रमाने होतो : उठणे, आवरणे, गाडी पकडणे, काम करणे, परतणे. तोच क्रम ठेक्यात पुन्हा पुन्हा येतो. येथे अंधारी गल्ली नाही, अनोळखी माणूस नाही. तुटक संकलन आणि ध्वनीची लय ही थरारपटाची साधने कामत यांनी स्वीकारली. ती लावली मात्र ठाणे-कल्याण पट्ट्यातील लाखो लोकांच्या अंगवळणी पडलेल्या जीवनाला. ‘फॉलिंग डाउन’ (१९९३) या अमेरिकी चित्रपटाचा नायक उन्हात, मोटारींच्या कोंडीत अडकलेला दिसतो. आपटेची कोंडी लोकलच्या डब्यातली आहे. धोका बाहेरून येत नाही. तो सभ्य माणसाच्या आत साठत जातो. ‘गुन्हेगार म्हणजे परका’ हा संकेत अशा रीतीने मोडला गेला आहे.

४. एक सराव : दोन मिनिटांचा प्रारंभ

असे समजू की, डोंबिवलीतील चार विद्यार्थ्यांनी पहिला खर्डा पुढीलप्रमाणे लिहिला आहे. रात्र. रिकामी गल्ली. घाईने चालणारी तरुणी. मागे पावलांचा आवाज. मळक्या कपड्यांतला, बाहेरगावाहून आलेला वाटणारा मजूर. किंकाळी. शीर्षक.

हा खर्डा थरारपटाचा आहे हे लगेच कळते, परंतु त्यात दोन दोष आहेत. पहिला, रात्री उशिराच्या गाडीपर्यंत जेथे माणसांचा राबता असतो, तेथील रिकामी गल्ली उसनी वाटते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. मजुराने अद्याप काहीही केलेले नाही. तरी त्याचे कपडे पाहून प्रेक्षकाने त्याला गुन्हेगार मानावे, अशी योजना आहे. येथे संकेत पूर्वग्रहाचे काम करू लागतो.

आता दुसरा खर्डा पाहू. सकाळ. दोन खोल्यांचे घर. कुकरची शिट्टी. एक गृहिणी दोन डबे भरते. दाराशी शेजारीण येते. ‘वहिनी, काल रात्री भावजी आले ना वेळेवर?’ ‘आले की. झोपलेत अजून.’ दार बंद होते. कॅमेरा आतल्या खोलीकडे वळतो : पलंगावरची चादर जशीच्या तशी, बिनसुरकुतीची. खुंटीवर पुरुषाचा रेल्वेचा पास लटकतो आहे. दुरून गाडीचा भोंगा ऐकू येतो. ती दुसऱ्या डब्याचे झाकण लावते. शीर्षक.

येथे समीपदृश्य, सूचक ध्वनी, राखून ठेवलेली माहिती आणि योग्य क्षणी येणारे शीर्षक हे संकेत पाळले आहेत. अंधार, निर्जनता, असहाय स्त्री आणि संशयित परका हे संकेत नाकारले आहेत. शेजारणीपेक्षा आपल्याला अधिक ठाऊक आहे, म्हणून उत्कंठा. गृहिणीपेक्षा कमी ठाऊक आहे, म्हणून रहस्य. शिवाय एक व्यावहारिक लाभही आहे. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणासाठी पूर्वपरवानगी लागते; येथे स्थानक न दाखवता केवळ ध्वनीने सुचविले आहे.

५. संकेतभंग कशासाठी?

केवळ वेगळेपणासाठी केलेला संकेतभंग प्रेक्षकाला गोंधळात टाकतो. वरील दृश्यातून पास आणि न विस्कटलेली चादर काढून टाकली, तर उरेल ते फक्त सकाळचे घरकाम. तो थरारपट आहे हे कळणारच नाही. म्हणून काही संकेत दृढपणे पाळावे लागतात. मोडण्यासाठी संकेत निवडताना एक प्रश्न स्वतःला विचारावा : हा संकेत मला जग अधिक बारकाईने पाहू देतो, की न पाहता निकाल देण्याची सोय करून देतो? भीती कोणाची वाटावी, हे चित्रपट पहिल्या दोन मिनिटांत ठरवितो. ती निवड लेखकाची असते आणि तिची जबाबदारीही त्याचीच असते.

सारांश

संकेत हा कलाकृती आणि रसिक यांच्यातील करार आहे. थरारपटाचा गाभा माहितीच्या वाटणीत असतो. अंधार, किंकाळी ही त्याची केवळ बाह्य चिन्हे होत. काही संकेत पाळल्यानेच इतरांचा भंग अर्थपूर्ण होतो. पूर्वग्रहावर उभा असलेला संकेत मोडणे ही कलात्मक तशीच नैतिक गरज आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. रहस्य, उत्कंठा आणि धक्का यांतील भेद स्वतःच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. ‘घाशीराम कोतवाल’ आणि ‘डोंबिवली फास्ट’ यांच्या प्रारंभांची संकेतभंगाच्या दृष्टीने तुलना करा.
३. दिवाळीच्या पहाटे तरुणाईने फुललेला डोंबिवलीचा फडके रस्ता हे स्थळ घेऊन थरारपटाचा दोन मिनिटांचा प्रारंभ लिहा. पाळलेले आणि मोडलेले प्रत्येकी दोन संकेत नोंदवा व निवडीची कारणे द्या.